चॅपेल हिलच्या मैदानावरची १९ नंबरची मुलगी

मैत्रिणींनो, लेकीकडे नाहीतर मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या बायकांची गाठ पडली, की गप्पांत कोणती नावे निघतात? नायगाराचा धबधबा, न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, फ्लोरिडातले डिस्ने वर्ल्ड, आणि झालंच तर वॉशिंग्टन. फोटोही तेच आणि वर्णनेही तीच. आज मी तुम्हांला या यादीत नसलेल्या एका ठिकाणी नेणार आहे. तिथे धबधबा नाही, पुतळा नाही, उंच इमारत तर मुळीच नाही. आहे ते एक हिरवेगार मैदान. फूटबॉलचे.

"इश्श, मैदान ते काय पाहायचं?" असं म्हणू नका हं. देवळात मूर्ती लहान असली तरी तिची कथा ठाऊक असली की आपण हात जोडतो ना? तसंच आहे हे. या मैदानाची कथा म्हणजे एका मुलीची कथा. जन्मली तेव्हा तिचे एक पाऊल वाकडे होते. पुढे तिच्या त्याच पायांकडे सारी दुनिया बघत राहिली. नाव मिया हॅम. आणि तिला घडवणारे गाव चॅपेल हिल, नॉर्थ कॅरोलायना राज्यातले.

लाल मातीचे गाव

नॉर्थ कॅरोलायना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, जरा दक्षिणेकडे आहे. मुंबईहून निघालात तर वाटेत विमान बदलून रॅली-डरहॅमच्या विमानतळावर उतरायचे. तिथून मोटारने अर्ध्या तासात चॅपेल हिल. रॅली, डरहॅम आणि चॅपेल हिल या तीन गावांत तीन मोठी विद्यापीठे आहेत, म्हणून या टापूला 'रिसर्च ट्रँगल', म्हणजे संशोधनाचा त्रिकोण म्हणतात. औषधांच्या आणि संगणकाच्या मोठमोठ्या कंपन्या इथे आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ आपली मुलेही आली. शेजारच्या कॅरी आणि मॉरिसव्हिल या गावांत तर आता इतकी भारतीय बिऱ्हाडे आहेत, की वाण्याच्या दुकानात भाजणी आणि काळा मसालासुद्धा मिळतो. माझ्या लेकीचे घर तिथलेच. तेव्हा तुमच्यापैकी कुणाचे ना कुणाचे या भागात जाणे होणारच, या भरवशावर हे लिहिते आहे.

या भागाची पहिली ओळख होते ती मातीची. माती लाल! अगदी आपल्या कोकणासारखी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सरळसोट पाइनची झाडे आणि त्यांच्या बुंध्याशी तांबडी माती. पाऊस पडून गेला की अंगणातून येणाऱ्या मुलांची पावले घरभर उमटतात. ऑगस्टमध्ये दमट उकाडा, ऑक्टोबरात पानांना पिवळा-तांबडा रंग, आणि एप्रिलमध्ये डॉगवुडची पांढरी फुले. रताळी पिकवण्यात हे राज्य अमेरिकेत पहिले. ती आतून केशरी असतात आणि आपल्या रताळ्यांपेक्षा मऊ आणि गोड. आषाढी एकादशीला तुम्ही तिथे असाल तर गोड कापांना गूळ निम्माच घाला, बरं का! आणि फार वेळ शिजवू नका, लगदा होतो.

चॅपेल हिल हे नाव पडले टेकडीवरच्या एका जुन्या प्रार्थनामंदिरावरून. गाव वाढले ते मात्र विद्यापीठामुळे. १७९३ साली पहिल्या इमारतीची कोनशिला बसली आणि १७९५मध्ये वर्ग सुरू झाले. सरकारी विद्यापीठांत विद्यार्थ्यांना दार उघडणारे हे अमेरिकेतले पहिले. ती पहिली इमारत, 'ओल्ड ईस्ट', अजून उभी आहे. तिच्याजवळच खांबांची गोल छत्री असलेली 'ओल्ड वेल', म्हणजे जुनी विहीर. एके काळी सगळे विद्यापीठ तिचेच पाणी पीत असे. आता तिथे नळ आहे. वर्ग सुरू होण्याच्या पहिल्या दिवशी त्या नळाचे पाणी प्यायले की वर्षभर उत्तम गुण मिळतात, असा समज आहे. त्या दिवशी मुलामुलींची लांबलचक रांग लागते. परीक्षेला जाताना दही-साखर हातावर घेणाऱ्या आपल्या मुलांपेक्षा ती काही निराळी नाहीत!

विद्यापीठाचा रंग आकाशी. इतका लाडका, की गावाच्या आगीच्या बंबांनासुद्धा तोच. विटांच्या पायवाटा, जुने वृक्ष, दगडी बैठ्या भिंती. दुपारभर हिंडावे असा परिसर आहे.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. १७९५मध्ये उघडलेले दार मुलग्यांसाठी होते. मुलींना प्रवेश मिळायला १८९७ साल उजाडावे लागले. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे. तोही वरच्या वर्गांत आणि मोजक्याच जणींना. १८९८मध्ये सॅली वॉकर स्टॉकर्ड ही इथली पहिली पदवीधर स्त्री झाली. त्यानंतरही कित्येक दशके बहुतेक मुलींना पहिल्या वर्षापासून इथे शिकता येत नसे. आज त्याच पायवाटांवर मुलग्यांपेक्षा मुली जास्त दिसतात. मधली वर्षे कुणी फुकट दिलेली नाहीत. आपण ज्या मैदानाकडे निघालो आहोत, तेही असेच मिळवलेले आहे.

वाकडे पाऊल आणि थोरला भाऊ

मिया जन्मली १७ मार्च १९७२ रोजी, अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावी. वडील हवाई दलात वैमानिक, आई बॅलेनृत्य करणारी. खरे नाव मारिएल मार्गारेट. पण आईने एका नामवंत नर्तिकेच्या नावावरून 'मिया' म्हणायला सुरुवात केली आणि तेच कायम झाले. आईच्या मनात लेकीने नाचावे असे होते. पण बाळाचे एक पाऊल जन्मतः वळलेले होते. याला डॉक्टर 'क्लबफूट' म्हणतात. लहानग्या मियाच्या पायात ते सरळ करण्यासाठी खास बनवलेले बूट असत.

इथे जाता जाता एक सांगते. असे पाऊल घेऊन आपल्याकडेही मुले जन्मतात, आणि अजून काही घरांत ग्रहणाला नाहीतर आईच्या वागण्याला दोष दिला जातो. तसे काही नसते. जन्मानंतर लवकरात लवकर डॉक्टरांना दाखवले, तर आठवड्या-आठवड्याला प्लास्टर बदलत बहुतेक मुलांचे पाऊल मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय सरळ होते. नंतर काही वर्षे झोपताना खास बूट घालावे लागतात. तो नेम मात्र आईने सोडता कामा नये.

मियाचे पाऊल सरळ झाले आणि ती जी पळत सुटली, ती थांबलीच नाही. वडिलांच्या बदल्या सारख्या चालू. ती तान्ही असताना कुटुंब इटलीत होते. तिथे घराघरांत फूटबॉलचे वेड. वडिलांनाही ते लागले आणि परत आल्यावर टेक्सासमधल्या विचिटा फॉल्स गावी ते मुलांना खेळ शिकवू लागले. आईने मियाला नाचाच्या वर्गात घालून पाहिले. लेकीला ते काही रुचले नाही. आणि आईनेही, तिचा मोठेपणा म्हणायचा, हट्ट धरला नाही.

मिया पाच वर्षांची असताना आईवडिलांनी आठ वर्षांच्या गॅरेटला दत्तक घेतले. हा थोरला भाऊ मैदानावर निघाला की धाकटीला बरोबर नेई. मुलग्यांचे संघ पाडताना मुलीला कोण घेणार? गॅरेट घ्यायचा. आपल्या संघात. पुढे त्याला रक्ताचा दुर्धर आजार जडला आणि १९९७ साली तो गेला. नंतर मियाने अस्थिमज्जेच्या रुग्णांसाठी आणि मुलींच्या खेळासाठी १९९९मध्ये एक संस्था उभारली. म्हटले तर दोन कामे, पण दोन्ही एकाच भावाच्या आठवणीतून आलेली.

एका वाक्याचा कायदा

मिया तीन महिन्यांची होती तेव्हा, २३ जून १९७२ रोजी, अमेरिकेत एक कायदा झाला. त्याला 'टायटल नाइन' म्हणतात. त्याचा सारांश एवढाच, की सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून कुणाला वगळता येणार नाही. कायद्यात खेळाचा शब्दसुद्धा नव्हता. पण शाळा-कॉलेजांतले खेळ हेही शिक्षणच, हे हळूहळू मान्य करावे लागले. मुलग्यांना मैदान असेल तर मुलींनाही हवे. मुलग्यांना खेळासाठी शिष्यवृत्ती असेल तर मुलींनाही हवी.

आकडा ऐका. कायद्याच्या आधी तिथल्या हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली होत्या तीन लाखांहून कमी. आता आहेत तीस लाखांहून अधिक. मुली बदलल्या का हो? मुली त्याच. जागा झाली.

चॅपेल हिललाही हेच घडले. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथे मुलींचा एक हौशी फूटबॉल क्लब होता. आम्हांला विद्यापीठाचा अधिकृत संघ म्हणून मान्यता द्या, अशी मागणी त्या मुलींनी केली. अधिकाऱ्यांनी मुलग्यांच्या संघाच्या तरुण प्रशिक्षकाला त्यांचा खेळ पाहायला धाडले. खेळ पसंतीस उतरला आणि १९७९ साली संघ उभा राहिला. पुढची वाट मियासाठी मोकळी झाली ती त्या मुलींमुळे.

त्या प्रशिक्षकाचे नाव अॅन्सन डॉरन्स. आणि हे गृहस्थ जन्मले कुठे, सांगा पाहू? आपल्या मुंबईत! १९५१ साली. वडील तेल कंपनीत होते. त्यामुळे बालपण भारत, आफ्रिका, युरोप असे फिरतीवर गेले. फूटबॉल साऱ्या जगाचा असतो हे त्या फिरतीत त्यांनी पाहिले होते. अमेरिकन लोक 'फूटबॉल' म्हणतात तो हातात चेंडू धरून पळण्याचा निराळाच खेळ. आपल्या फूटबॉलला ते 'सॉकर' म्हणतात, आणि त्या काळी तो त्यांना परकाच होता.

पंधराव्या वर्षी चीन, सतराव्या वर्षी चॅपेल हिल

मिया चौदा वर्षांची असताना टेक्सासच्या एका प्रशिक्षकाने डॉरन्सना निरोप धाडला, की एक मुलगी बघायला या. डॉरन्स अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला संघाचेही प्रशिक्षक होते. कोणती मुलगी ते सांगू नका, मीच ओळखतो, असे त्यांनी बजावले म्हणे. खेळ सुरू झाला, चेंडू पुढे ढकलला गेला, आणि एक बारीकशी मुलगी त्यामागे अशी सुटली की विचारायची गरजच उरली नाही. ३ ऑगस्ट १९८७ रोजी, चीनमधल्या तिआनजिन शहरात, मिया अमेरिकेकडून पहिला सामना खेळली. वय वर्षे पंधरा!

मग १९८९ साली ती चॅपेल हिलला आली. वडिलांची पुन्हा इटलीला बदली झाली होती. घर समुद्रापलीकडे आणि पोर सतरा वर्षांची, कायद्याने अजून अज्ञान. तेव्हा डॉरन्सच तिचे पालक झाले. लेकीला वसतिगृहात पोहोचवून परतताना आईच्या पोटात काय होते ते तुम्हां-आम्हांला सांगायला नको. इथे तर मधे महासागर होता, आणि त्या काळी परदेशी फोन म्हणजे मिनिटामिनिटाचा हिशेब.

आता या आपण मैदानावर. त्याचे नाव तेव्हा फेट्झर फील्ड. १९३५ सालचे जुने मैदान. शेजारीच कारमायकल हे बंदिस्त क्रीडागृह. बास्केटबॉलचा तो प्रसिद्ध मायकेल जॉर्डन कॉलेजात असताना तिथेच खेळला. २०१९पासून फुटबॉलच्या मैदानाला डॉरन्स यांचे नाव आहे आणि बसायला नवी आसने आहेत. जागा मात्र तीच.

या मैदानावरचा सराव मोठा कडक असे. प्रत्येक कसरतीत, प्रत्येक लहान सामन्यात कोण जिंकली, कोण हरली, याची नोंद व्हायची आणि क्रमवारीचा कागद सगळ्यांना दिसेल असा लागायचा. ही युक्ती डॉरन्सनी विद्यापीठातल्याच बास्केटबॉलच्या ख्यातनाम प्रशिक्षकाकडून, डीन स्मिथ यांच्याकडून उचलली होती. पण त्यामागचा विचार ऐकण्यासारखा आहे. मैत्रिणीला हरवणे मुलींना अवघड जाते. मैदानाबाहेर एकमेकींच्या वेण्या घालायच्या आणि आत चेंडूसाठी एकमेकींना भिडायचे, हे कसे जमावे? लहानपणापासून आपण त्यांना सांगतो ना, जुळवून घे, मागे राहा, तोऱ्यात वागू नकोस. इथे त्यांना शिकवले गेले, की जिंकायची इच्छा धरणे म्हणजे वाईट वागणे नव्हे.

मियाची अडचण नेमकी हीच होती. पायांत वेग होता, पण स्वभाव बुजरा. कुणी कौतुक केले की चेहरा पडायचा. डॉरन्सनी एकदा तिला खोलीत बोलावून विचारले, तुला काय व्हायचे आहे? ती म्हणाली, सर्वांत उत्तम. म्हणजे काय, ते तिला सांगता येईना. त्यांनी दिव्याचे बटण बंद केले. खोलीत अंधार. मग पुन्हा चालू केले. उत्तम व्हायचे ठरवणे हे एवढेच असते, बटण दाबण्याइतके. फक्त ते रोज दाबावे लागते, असा त्यांचा अर्थ होता. तिने तो धरला. पुढे एका थंड सकाळी मोटारीतून जाताना डॉरन्सना मैदानात एक मुलगी एकटीच धावताना दिसली. घामाने निथळत, दमून गुडघ्यांवर वाकत, आणि पुन्हा धावत. ती मिया होती. पाहायला कुणी नव्हते, सरावाची वेळही नव्हती.

एक हार आणि चार विजेतेपदे

पहिल्याच वर्षी, १९८९मध्ये, संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. चॅपेल हिलला हे नवे नव्हते. १९८६पासून तो संघ हरलाच नव्हता. पण १९९०च्या सप्टेंबरात कनेक्टिकटच्या मुलींनी त्यांना जादा वेळात ३-२ असे हरवले. १०३ सामन्यांची अपराजित साखळी तुटली. मियाच्या कॉलेजजीवनातली हीच एकुलती एक हार. आणि त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात समोर कोण यावे? पुन्हा कनेक्टिकट! या वेळी चॅपेल हिलने ६-० असे जिंकले. हार झाली म्हणून कुणी संघ सोडला नाही की कुणी कुणाला बोल लावला नाही. सरावाला गेल्या, एवढेच.

१९९१ साली मियाने कॉलेजच्या संघातले एक वर्ष बाजूला ठेवले. चीनमध्ये स्त्रियांची पहिली जागतिक फूटबॉल स्पर्धा होती. ती एकोणीस वर्षांची, संघात सर्वांत लहान. ग्वांगझू शहरातल्या अंतिम सामन्यात अमेरिकेने नॉर्वेला २-१ असे नमवले. साठ हजारांहून जास्त प्रेक्षक होते. पण जगज्जेत्या होऊन मायदेशी उतरल्या तेव्हा स्वागताला मोजकीच माणसे. पोरी घरोघरी गेल्या आणि पुढच्या सत्रात पुन्हा वर्गात जाऊन बसल्या. मियाचा विषय राज्यशास्त्र होता.

१९९२चे वर्ष मात्र तिचेच. त्या एका मोसमात तिने ३२ गोल केले. हा आकडा मोठाच. पण मला दुसरा आकडा जास्त आवडतो. त्याच मोसमात तिने मैत्रिणींना ३३ गोल करून दिले! फूटबॉलमध्ये शेवटचा पास जी देते, तिच्याही नावावर तो मांडला जातो. म्हणजे स्वतःच्या पानात वाढून घेतले त्यापेक्षा पंगतीला जास्त वाढले. आता तुम्ही म्हणाल, हे तर आम्ही रोजच करतो! खरंय. पण आपल्या वाढण्याची कुणी नोंद ठेवते का? मैदानावर ती ठेवली जाते. हा खेळाचा एक फार चांगला गुण आहे. त्या वर्षी संघ पंचवीसच्या पंचवीस सामने जिंकला. शेजारच्या डरहॅममधल्या ड्यूक विद्यापीठाला अंतिम सामन्यात ९-१ असे हरवले. मियाचे तीन गोल होते.

१९९३चा तिचा शेवटचा अंतिम सामना याच फेट्झर फील्डवर झाला. जॉर्ज मेसन विद्यापीठाविरुद्ध ६-०. त्या दिवशी ५,७२१ माणसे मैदानात होती. चौदा वर्षांपूर्वी जिथे मुलींना संघ मागावा लागला होता, तिथे आता मुलींचा खेळ पाहायला गाव लोटले होते.

हिशेब मांडला तर चार मोसम, चार विजेतेपदे, ९५ सामने, १०३ गोल, ७२ गोलांना हातभार आणि एक हार. १९९४मध्ये ती पदवी घेऊन बाहेर पडली. विद्यापीठाने तिचा १९ नंबर सन्मानाने निवृत्त केला. तो सदरा आता तिथे कुणी घालत नाही. पुढची कीर्ती जगाला ठाऊक आहे. १९९६चे ऑलिंपिक सुवर्ण, १९९९चा विश्वचषक, नव्वद हजारांवर प्रेक्षक, आणि २००४मध्ये निवृत्ती. पण त्या सगळ्याचे जोते घातले गेले ते इथे.

आयांसाठी एक शब्द

गुणगान करताना दुसरी बाजू झाकली तर तुम्हीच मला बोल लावाल. १९९८ साली डॉरन्सवर दोन माजी खेळाडूंनी खटला भरला. छळाचा आरोप त्यांनी नाकारला. पुढे दोघींशी तडजोड झाली. दुसरी झाली २००८मध्ये. मुलींच्या खासगी गोष्टींवरच्या थट्टामस्करीत आपण भाग घेतला आणि ते योग्य नव्हते, हे मात्र त्यांनी लेखी मान्य केले. मियाच्या चार वर्षांचे तेज यामुळे कमी होत नाही. पण आयांनी एवढे ध्यानात घ्यावे, की गुरू कितीही नामवंत असो, लेक मैदानावरून घरी आली की नुसते "जिंकलीस का?" विचारू नये. "तिथे कोण कसं बोलतं?" हेही विचारावे. आणि उत्तर मिळाले तर ऐकून घ्यावे. मुलीला घरी बसवणे हा काही त्यावरचा उपाय नाही.

जायचे असेल तर

मुलींच्या कॉलेज फूटबॉलचा मोसम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि डिसेंबरच्या आरंभी संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. हवा आल्हाददायक असते आणि झाडांचे रंगही पाहायला मिळतात. चॅपेल हिलमध्ये गावातल्या बसला तिकीट नाही, २००२पासून. पायांत सपाट बूट घाला. विटांच्या पायवाटा उंचसखल आहेत आणि पावसात निसरड्या होतात. एक शाल जवळ असू द्या; सामना संध्याकाळचा असेल तर गारठा पडतो. मैदान पाहून झाल्यावर ऍकलंड कलासंग्रहालयात डोकवा. तिथे आपल्याकडच्या जुन्या मूर्तीही भेटतात. मोरहेड तारांगण तर अवश्य पाहा. चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांनी ताऱ्यांची ओळख तिथे करून घेतली आहे. कॅरीला उतरला असाल तर तिथेही मोठे सॉकर पार्क आहे. २०२४च्या डिसेंबरात चॅपेल हिलच्या मुलींनी वेक फॉरेस्टला १-० हरवून आणखी एक राष्ट्रीय विजेतेपद मिळवले ते तिथेच. त्या वर्षी ऑगस्टमध्येच डॉरन्स निवृत्त झाले होते. गुरू गेला तरी घडी मोडली नाही.

आणि शनिवारी सकाळी कोणत्याही साध्या मैदानावर जाऊन बसा. पाच-पाच वर्षांच्या मुली गुडघ्यापर्यंत मोजे चढवून चेंडूमागे धावत असतात. कडेला घडीच्या खुर्च्यांवर आया, डब्यात संत्र्याच्या फोडी. त्यांत आपल्या मराठी आयाही असतात, "अगं, पळ पळ!" म्हणून ओरडत. यांतल्या सगळ्याच काही मिया होणार नाहीत. व्हायलाही नको. कुणी डॉक्टर होईल, कुणी दुकान चालवील, कुणी घर सांभाळील. पण पडले तर उठायचे, आणि चेंडू मागायला लाजायचे नाही, हे त्यांना पाचव्या वर्षी कळलेले असेल.

आता "हे सगळं अमेरिकेत, आपल्याकडे कुठलं!" असं म्हणू नका. २०२२ साली आशियाई महिला फूटबॉल स्पर्धा आपल्या मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाली. त्याच वर्षी सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबईत रंगला. अंतिम सामना नेरूळच्या स्टेडियमवर होता. म्हणजे जगातल्या मुली आपल्या अंगणात खेळून गेल्या.

प्रश्न आपल्या मुलींचा आहे. बहुतेक घरांत मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिचे मैदान सुटते. कुणी "जाऊ नकोस" असं म्हणत नाही. फक्त त्याच वेळी क्लास लागतो, धाकट्याला सांभाळायला कुणी नसते, भाजी निवडायची असते. भावाचे मैदान मात्र चालू राहते. मियाच्या बाबतीत काय घडले, ते पुन्हा पाहा. आईने आपला हट्ट सोडला, भावाने संघात घेतले, अनोळखी मुलींनी आधीच भांडून जागा करून ठेवली. धावली ती एकटीच, पण धावायला जागा चार जणांनी करून दिली.

तेव्हा आज संध्याकाळी बाजारात जाताना आपल्या गावच्या मैदानापाशी दोन मिनिटे थांबा. किती मुलगे खेळताहेत ते मोजा. मग मुली मोजा.